अकरा मिलिमीटर

तुळशीदास वैतींनी गाडी घेतली तेव्हा खारदांड्यात दोन मतं होती. एक मत असं की, माणसाला मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं असणार. दुसरं मत त्यांच्या बायकोचं, अंजनाबाईंचं. तेही तेच होतं, फक्त शब्द जास्त कडक होते.

गाडी परदेशी बनावटीची, काळी, उंच, सात वर्षं वापरलेली. गोरेगावला स्टुडिओंना लायटिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या एका माणसाकडून ती घेतली होती. तिला एअर सस्पेन्शन होतं. म्हणजे लोखंडी स्प्रिंगांऐवजी चार चाकांवर चार रबरी बलून. इंजिन चालू केलं की पंप त्यांत हवा भरायचा आणि गाडी बसल्या जागेवरून हळूच उठून उभी राहायची. पहिल्या दिवशी ती उठताना बघायला शेजारीपाजारी जमले. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

गाडीत दोष एकच होता. ती डावीकडे जायची.

तुळशीदासांनी चाळीस वर्षं बोट चालवली होती. पाण्याच्या ओढीने बोट एका अंगाला जाते आणि तिला हाताने सांभाळून घ्यायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे पहिला महिनाभर ते उजवीकडे जोर लावून गाडी चालवत राहिले आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मग उजवा खांदा दुखायला लागला. मग कोणीतरी सांगितलं की गाडी अशी नसते.

त्यांनी अंधेरीत अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत जुळवून घेतली. मग सांताक्रूझला. मग एकाच्या सांगण्यावरून थेट बोरिवलीला. तिन्ही ठिकाणी गाडी रॅम्पवर चढली, चाकांना यंत्रं लावली गेली, वीस मिनिटांत खाली उतरली आणि हातात रंगीत कागद मिळाला. तिन्ही कागदांवरचे सगळे चौकोन हिरवे होते. हिरवं म्हणजे बरोबर. तुळशीदासांनी ते कागद बोटीच्या लायसनसोबत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि गाडी डावीकडे जात राहिली. चार महिन्यांत पुढच्या डाव्या टायरची आतली बाजू घासून गुळगुळीत झाली. बाहेरून टायर नवा दिसायचा.

अंजनाबाईंचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. गाडी डावीकडे बसली आहे. त्या मागच्या सीटवर बसायच्या आणि दर वळणाला दाराकडे सरकायच्या. तुळशीदास त्यांना सांगायचे की तिन्ही ठिकाणी कंप्युटर होता. अंजनाबाई म्हणायच्या, कंप्युटर मागे बसत नाही.

मुलुंडला त्या दोघांना दर गुरुवारी जावं लागायचं. अंजनाबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. पस्तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्या सांताक्रूझच्या बाजारात गेल्या होत्या आणि पाठीने त्याचा हिशेब एकदम मागितला होता. ज्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्याचं व्यायामाचं केंद्र मुलुंडला होतं, म्हणून खार ते मुलुंड. अशाच एका गुरुवारी परत निघताना तुळशीदासांना एलबीएस रोडवर पाटी दिसली : गाला व्हील केअर. आता कागद चार झाले तरी काय बिघडतं, असा विचार करून त्यांनी गाडी आत घातली.

दुकान केतन गालाचं. वडिलांचं टायरचं दुकान त्याने वाढवून रॅम्प बसवला होता, काचेचं केबिन केलं होतं आणि केबिनमध्ये बसून त्याला रॅम्प दिसेल अशी खुर्ची लावली होती. रॅम्पवर काम करायची शीतल हिवाळे. वय चौतीस. मुलुंडच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेली, आधी दोन वर्षं बसच्या डेपोत, मग इथे सहा वर्षं. वडील भाऊराव बदनापूरहून मुंबईला आले ते गवंडीकाम करायला, आणि घाटकोपरला घर करून राहिले. गिऱ्हाइकं आत आली की पहिल्यांदा शीतलच्या मागे कोण आहे ते बघायची. मागे भिंत होती.

तुळशीदासांनीही भिंतीकडे बघितलं आणि मग फोल्डर शीतलच्या हातात दिलं.

शीतलने तिन्ही कागद वाचले. लोक हे कागद बघतात, ती वाचायची. मग तिने विचारलं की हे काम केलं तेव्हा गाडीची उंची किती होती. तुळशीदास म्हणाले, गाडीएवढीच. तिने कागदाच्या वरच्या कोपऱ्यातले चार रिकामे चौकोन दाखवले. तिथे चारही चाकांपाशी गाडी किती उंच उभी आहे ते लिहायचं असतं. तिन्ही कागदांवर ते कोणी भरले नव्हते.

तिने गाडी रॅम्पवर घेतली नाही. आधी चारही टायरची हवा बघितली, सारखी केली. सगळ्यांना खाली उतरवलं, दारं लावली, इंजिन चालू ठेवलं आणि शेजारी उभी राहिली. दहा मिनिटं ती काहीच करत नव्हती. केतन केबिनमधून बघत होता. कामाच्या वेळात कोणी काहीच करत नसलं की तो घड्याळ बघायचा. दहा मिनिटांनी पंपाचा आवाज थांबला तेव्हा शीतलने खिशातून टेप काढली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत माप घेतलं. चारही चाकांचं. मग परत चारही चाकांचं.

पुढची डावी बाजू उजवीपेक्षा बावीस मिलिमीटर खाली होती.

"मी काय सांगत होते," अंजनाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या, कारण डॉक्टरने अशा खुर्चीत अर्ध्या तासाच्या वर बसायला मनाई केली होती.

शीतलने तुळशीदासांना विचारल्यावर उलगडा झाला. गाडी विकण्याआधी जुन्या मालकाने पुढचा डावा बलून आणि त्याच्याजवळचा उंची मोजणारा सेन्सर बदलला होता. बदलल्यावर गाडीच्या कंप्युटरला नवी उंची शिकवावी लागते. ती कोणी शिकवली नव्हती. शीतलने सोपं करून सांगितलं : गाडीला वाटतंय की ती सरळ उभी आहे. एअर सस्पेन्शनच्या गाडीत उंची बदलली की चाकाचा कलही बदलतो. चुकीच्या उंचीवर चाकं जुळवली तर कागद हिरवा येतो, पण चुकीच्या गाडीचा. आधी उंची, मग अलाइनमेंट.

केतन बाहेर आला. तो म्हणाला, शीतल, गाडी चढव, तीन लोक थांबलेत. शीतल म्हणाली, नाही चढवणार. केतनने तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की दुकान कोणाचं आहे. ती म्हणाली, तुमचं. केतन केबिनमध्ये परत गेला.

उंची शिकवायचं यंत्र दुकानात होतं. केतनने ते दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं आणि ते तेव्हापासून कपाटात होतं. शीतलने तुळशीदासांना सांगितलं की या गाडीवर ते कसं चालवायचं हे तिला वाचावं लागेल. पुढच्या गुरुवारी या.

"बाकीचे ईस मिनिटांत करून देतात," तुळशीदास म्हणाले.

"त्यांनी तीनदा केलं ना काका. तास झाला."

फॉर्म भरताना तिने रिवाजाप्रमाणे विचारलं की गाडी कशासाठी वापरता. बहुतेक लोक सांगायचे, फॅमिली. तुळशीदासांनी जरा विचार केला. ते म्हणाले, हिच्या पाठीत सहा स्क्रू हायेत. आधीच्या गाडीत खड्डा आला की ती ओरडायची नाय, फक्त श्वास धरायची. कोणीतरी सांगितलं की हवेवर चालणाऱ्या गाडीत खड्डा कळत नाय. म्हणून घेतली.

त्यांनी हे शीतलला सांगितलं, घड्याळाची वेळ सांगावी तसं. अंजनाबाई चार हातांवर उभ्या होत्या. गाडी घेऊन सहा महिने झाले होते आणि हे कारण त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

पुढच्या गुरुवारी शीतल तयार होती. आठवडाभर तिने जेवणाच्या सुट्टीत यंत्राचं पुस्तक वाचलं होतं आणि जे पुस्तकात नव्हतं ते कंपनीला फोन करून विचारलं होतं. तिने परत हवा बघितली, परत वाट बघितली, परत मापं घेतली आणि एकेक आकडा यंत्रात भरला. शेवटचं बटण दाबल्यावर पंप चालू झाला. गाडीची पुढची डावी बाजू सावकाश वर आली आणि थांबली. टेप लावली तर दोन्ही बाजूंत एका मिलिमीटरचा फरक. तुळशीदास दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटून त्यांनी गाडीकडे समोरून बघितलं आणि मान हलवली. बोट पाण्यात नीट बसली आहे का, ते ते असंच बघायचे.

मग गाडी रॅम्पवर गेली. शीतलने गाडीचं आपोआप वर-खाली होणं बंद केलं, म्हणजे मध्येच पंप चालू होऊन सगळं बदलायला नको. चाकांना यंत्रं लावली. पडद्यावर आकडे आले.

डावीकडची दोन्ही चाकं वरून बाहेर झुकलेली, उजवीकडची दोन्ही आत. जवळजवळ सारखीच.

शीतल पडद्याकडे बघत राहिली. उंची बरोबर होती. घासलेला टायर बदलून झाला होता. खालचे सांधे तिने हलवून बघितले होते, सगळे घट्ट होते. तरी गाडी सगळी एका अंगाला झुकल्यासारखे आकडे. केतन तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं : बोल्ट फिरवायचे, चौकोन हिरवे करायचे. यंत्र काय खोटं बोलतं? शीतलने पाना हातात घेतला, पण ती खाली वाकली नाही.

अंजनाबाई रॅम्पच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी विचारलं की नक्की काय चुकतंय. शीतलने सांगितलं की डावीकडच्या चाकांचं आणि उजवीकडच्या चाकांचं माप जुळत नाही, आणि का ते कळत नाही.

"पारडी बदल, बाय," अंजनाबाई म्हणाल्या.

शीतलला कळलं नाही. अंजनाबाईंनी समजावलं. बाजारात पस्तीस वर्षं त्यांच्या हातात तागडी होती. तागडी खोटी आहे असा संशय आला की काय करायचं, तर एका पारड्यातली मासळी दुसऱ्या पारड्यात टाकायची आणि वजनं इकडची तिकडे. मासळी खरीच कमी असेल तर ती दुसऱ्या पारड्यातही कमीच भरते. पण तागडीच खोटी असेल तर तेच पारडं परत खाली जातं, त्यात काहीही टाका. गाडीपण उलटी उभी करून बघ.

तुळशीदास म्हणाले, ही गाडी आहे, सुरमई नाही. शीतल मात्र पाना ठेवून गाडीत बसली.

तिने गाडी रॅम्पवरून उतरवली, बाहेर रस्त्यावर नेऊन वळवली आणि रिव्हर्समध्ये परत चढवली. आता गाडीची उजवी चाकं रॅम्पच्या डाव्या पट्टीवर होती. परत यंत्रं लावली. पडदा आला. आता उजवी चाकं बाहेर झुकलेली आणि डावी आत.

गाडी वळली होती. दोष वळला नव्हता. तो जिथे होता तिथेच, रॅम्पवर राहिला होता.

कॉम्प्रेसर चालू झाला आणि बंद झाला. केतन म्हणाला की रॅम्प बसवला तेव्हा कंपनीचा माणूस लेव्हल करून गेला होता, त्याचं सर्टिफिकेट केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय. सर्टिफिकेट खरंच होतं. त्यावर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती.

शीतलने वडिलांना फोन केला. भाऊराव सत्तरीचे होते, गुडघ्यांमुळे काम सोडून आठ वर्षं झाली होती, पण हत्यारं त्यांनी कोणाला दिली नव्हती. दीड तासात ते घाटकोपरहून रिक्षाने आले. सोबत वेटोळं केलेली पारदर्शक नळी. गवंडी लोक भिंतीची पातळी जुळवायला वापरतात ती, पाणी भरायची. त्यांनी नळीत पाणी भरलं, आतला बुडबुडा बोटाने टिचक्या मारून घालवला, एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. दुकानातला कंप्युटर चालू होता. सगळे नळीतल्या पाण्याकडे बघत होते.

रॅम्पची डावी पट्टी उजवीपेक्षा अकरा मिलिमीटर खाली होती.

भाऊरावांनी कारण शोधायला वेळ घेतला नाही. त्यांनी डाव्या भिंतीकडे बोट केलं आणि पलीकडे काय आहे ते विचारलं. पलीकडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. गेल्या वर्षी तिथे गाड्या ठेवायला जमिनीखाली दोन मजले खणले होते. भाऊराव म्हणाले, माती तिकडे सरकली असणार, फरशीला बारीक तडा आहे बघा, इथून तिथपर्यंत. तडा होता. त्याच्यावर टायरची जाहिरात चिकटवलेली होती.

केतन खुर्चीवर बसला. केबिनमधल्या नव्हे, गिऱ्हाइकांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. तो म्हणाला की एका वर्षात या रॅम्पवर किती गाड्या चढल्या असतील आणि कोणाची एक तक्रार नाही. एकाची पण नाही. म्हणजे तेवढा फरक चालत असणार. अकरा मिलिमीटर म्हणजे काय, बोटाएवढं.

"एक तक्रार आली होती," शीतल म्हणाली. "मी तुम्हाला सांगितली नाही."

ठाण्याचे एक डॉक्टर होते. त्यांची गाडीही अशीच, एअर सस्पेन्शनची. आठ महिन्यांपूर्वी ती रॅम्पवर असताना डॉक्टरांनी फोन घ्यायला दार उघडलं, बंद केलं, आणि पंप मध्येच चालू झाला. पडद्यावरचे आकडे शीतलच्या डोळ्यांसमोर हलत होते. लाल, पिवळे, हिरवे. चौकोन सगळे हिरवे झाले त्या क्षणी तिने प्रिंट काढली. पाच सेकंदांनी ते परत पिवळे झाले, पण कागद निघाला होता. बाहेर पाच गाड्या उभ्या होत्या. दोन महिन्यांनी कसाऱ्याच्या अलीकडे डॉक्टरांचा मागचा टायर फुटला. गाडी कडेच्या कठड्याला घासत जाऊन थांबली. आत डॉक्टर आणि त्यांची आई. कोणाला काही लागलं नाही. नंतर ते दुकानात आले, टायर दाखवला, आतल्या बाजूने तारा बाहेर आलेल्या. त्यांनी विचारलं की हे कशामुळे. तेव्हा केतन जेवायला गेला होता. डॉक्टर स्वतःच म्हणाले की रस्ते फार खराब आहेत. शीतल म्हणाली, हो.

"मी हो म्हणाले," ती परत म्हणाली. "तेव्हापासून मी मोजते."

केतन तिच्याकडे वळला. तो ओरडेल असं तुळशीदासांना वाटलं होतं. ते अंजनाबाईंना घेऊन थोडे बाजूला झाले. केतन ओरडला नाही. त्याने भाऊरावांना विचारलं की काका, हे नीट करायला किती दिवस. भाऊराव म्हणाले, खाली जमीन अजून सरकतेय का ते आधी बघावं लागेल. शेजारचं काम भिंतीपर्यंत बांधून झालं असेल तर चार दिवस. मग केतन उठला, केबिनमधून पुठ्ठा आणला आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'रॅम्प बंद' लिहिलं. 'बंद'मधला अनुस्वार राहिला होता, तो शीतलने दिला.

तुळशीदासांची गाडी त्या दिवशी अलाइनमेंट न होताच परत गेली. पण निदान ती दोन्ही बाजूंनी सारखी उंच होती. वाटेत अंजनाबाईंनी दोनदा सांगितलं की आता कमी सरकायला होतंय.

शेजारचं काम भिंतीपर्यंत बांधून झालं होतं. रॅम्पचे खांब मोकळे केले, डाव्या अंगाचे पाये फोडून नवीन काँक्रीट भरलं, वर पोलादी पट्ट्या बसवल्या. भाऊराव सहा दिवस रोज रिक्षाने येत होते. काम त्यांनी करायचं नव्हतं, फक्त सांगायचं होतं. ते करतही होते. दरम्यान केतन आणि शीतल वर्षभराचं रजिस्टर घेऊन फोनला बसले. केतनने काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, कारण पहिल्या तीन फोनमध्ये तो रॅम्पच्या ऐवजी हवामानावर बोलला. नंतर जमलं. आमच्या रॅम्पमध्ये फरक निघाला आहे, तुम्ही गाडी परत आणा, आम्ही परत करून देऊ. चारशेच्या आसपास फोन झाले. बऱ्याच जणांना वाटलं की काहीतरी विकायचा फोन आहे. सत्तरेक लोक येतो म्हणाले. चौघं भांडले. भांडुपच्या एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांची गाडी छान चालते आहे आणि कृपा करून तिला कोणी हात लावू नये.

डॉक्टरांना शीतलने स्वतः फोन केला. तिने सगळं सांगितलं, मधलं काही गाळलं नाही. मग डॉक्टर म्हणाले की ती गाडी त्यांनी विकली. शीतलने विचारलं, कोणाला. त्यांनी जरा वेळाने नाशिकचा एक नंबर पाठवला. शीतलने त्या माणसालाही फोन केला आणि सांगितलं की गाडीची उंची मोजून घ्या, मगच चाकं जुळवा, आणि मोजताना कोणाला दार उघडू देऊ नका. त्याने विचारलं की तुम्ही कोण. ती म्हणाली, मीच ती चुकीची जुळवली होती. संध्याकाळी डॉक्टरांचा मेसेज आला. आईला सांगितलं, एवढाच. आईने काय म्हटलं ते त्यात नव्हतं आणि शीतलने विचारलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तुळशीदास आणि अंजनाबाई आले तेव्हा अंजनाबाईंच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी होती, भाऊरावांसाठी. गाला कुटुंबात कांदासुद्धा खात नसत. केतनने पुडीकडे बघितलं, वास घेतला आणि ती बाहेर कॉम्प्रेसरजवळ ठेवता येईल का असं अदबीने विचारलं. पुडी कॉम्प्रेसरजवळ गेली.

शीतलने पहिल्यापासून सगळं केलं. हवा, दारं, दहा मिनिटं वाट, टेप. या वेळी ती वाट बघत होती तेव्हा केतनही तिच्याशेजारी येऊन काहीच न करता उभा राहिला. मग गाडी रॅम्पवर गेली, पंप बंद केला, आकडे आले. आधी मागची चाकं, मग स्टेअरिंग सरळ बांधून पुढची. सगळं झाल्यावर स्टेअरिंगचा मध्य कुठे आहे तेही गाडीच्या कंप्युटरला शिकवलं. दीड तास लागला. अंजनाबाई अर्धा तास बसल्या, अर्धा तास उभ्या राहिल्या आणि अर्धा तास भाऊरावांना बाजारातल्या तागड्यांविषयी सांगत होत्या. भाऊरावांनाही सिमेंटच्या वजनाचे अनुभव होते.

कागद निघाला. वरच्या कोपऱ्यातले चार चौकोन भरलेले होते. खाली सगळं हिरवं होतं, एक सोडून. मागच्या उजव्या चाकाचा एक चौकोन लाल होता. शीतलने त्याच्यापुढे पेनने लिहिलं होतं : बोल्ट गंजून जाम आहे, थोडा फरक राहिला, सहा महिन्यांत बदलणे. केतनने तो कागद देताना खाकरून सांगितलं की हे एक लाल राहिलंय, पण तेवढ्याने गाडी एका बाजूला ओढत नाही, टायरही खात नाही, आणि आम्ही ते हिरवं करून दाखवू शकलो असतो.

तुळशीदासांनी कागद उजेडाकडे धरून बघितला. लाल चौकोन बघून त्यांना बरं वाटलं. ते म्हणाले, हा कागद खरा वाटतो. आधीचे तीन त्यांनी फोल्डरमधून काढून शीतलला दिले, आणि तिने ते गॅरेजात तेल पुसायला ठेवले.

परत जाताना त्यांनी पवईवरून जाणारा रस्ता घेतला. मोकळा पट्टा आल्यावर त्यांनी स्टेअरिंगवरून दोन्ही हात थोडेसे वर उचलले. गाडी सरळ चालली होती. त्यांनी मनात पाचपर्यंत मोजलं. मागून अंजनाबाई म्हणाल्या, "अवो, हात." त्यांनी हात खाली ठेवले.

जोगेश्वरीला हायवेच्या सिग्नलपाशी आरशात बघितलं तर अंजनाबाईंचा डोळा लागला होता. डोकं मागे टेकलेलं, पिशवी मांडीवर, तोंड किंचित उघडं. ऑपरेशन झाल्यापासून त्या गाडीत कधी झोपल्या नव्हत्या. मागच्या माणसाने हॉर्न दिला. तुळशीदासांना खारकडे वळायचं होतं. ते उलट दिशेला, बोरिवलीकडे वळले.

गोरेगाव गेलं, मालाड गेलं, कांदिवलीला पुलाच्या कामापाशी रस्ता पार उखडलेला होता तिथे ते वीसच्या वेगाने गेले. मागे काही हललं नाही. दहिसरचा नाका दिसायला लागला तेव्हा अंजनाबाईंनी डोळे उघडले आणि खिडकीबाहेर बघितलं.

"कुठं आलो?"

"ट्राफिक हाय," तुळशीदास म्हणाले.

रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. अंजनाबाईंनी तो बघितला, समोरची दहिसरची पाटी बघितली, नवऱ्याच्या मानेकडे बघितलं. मग त्यांनी पदर नीट केला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि परत डोळे मिटले.